ज्वारीचा डिंक, पऱ्हाटीची फळी



सभेची पोस्टरे चिकटवायला आपण पिठाची खळ शिजवतो. मैदा नसला तर ज्वारीचे पीठही चालते. रात्री लावलेले पोस्टर सकाळी नखाने निघत नाही. कागद फाटतो, पण खळ भिंत सोडत नाही. पहिला पाऊस आला की तेच पोस्टर लोळागोळा होऊन खाली येते.

चिकटण्याची ताकद धान्यात जन्मजात आहे. पाण्यापुढे टिकण्याची ताकद मात्र त्याला बाहेरून द्यावी लागते. ही ताकद ज्याला देता येते, तो पिठापासून लाकूड जोडणारा डिंक बनवतो आणि किलोच्या भावाने विकतो. ज्याला येत नाही, तो धान्य क्विंटलच्या भावाने अडत्याच्या हवाली करतो आणि घरी येऊन दाराला लागणारे प्लायवूड फुटाच्या भावाने विकत घेतो.

गेली काही वर्षे "ज्वारीपासून डिंक", "स्टार्चपासून वॉटरप्रूफ गोंद" अशी भाषा खेड्यापर्यंत पोचू लागली आहे. कोणी प्रकल्प अहवाल घेऊन येतो, कोणी यंत्राचे माहितीपत्रक. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही गोष्ट खोटी नाही, तिच्यामागे पक्के शास्त्र आहे. पण नुसत्या डिंकाने ज्वारीला भाव येणार नाही. डिंक आणि पऱ्हाटी यांची सांगड घातली, आणि ती सांगड आपल्या तालुक्यात आपल्या मालकीची राहिली, तरच चार पैसे गाठीला लागतील. असे का, ते नीट समजून घेऊ.

पाण्यापुढे खळ का हरते?

ज्वारीच्या दाण्यात सुमारे सत्तर टक्के स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या. पीठ पाण्यात शिजवले की या साखळ्या फुगून मोकळ्या होतात आणि लाकडाच्या किंवा कागदाच्या धाग्यांना हात घालतात. पाणी उडून गेले की पकड घट्ट बसते. पण या साखळ्यांचे पाण्याशी मुळातच सख्य आहे. पुन्हा ओल लागली की त्या लाकडाचा हात सोडून पाण्याचा हात धरतात.

कडब्याचे उदाहरण घ्या. धाटे नुसती रचून ठेवली तर पहिल्या वावटळीत उडून जातात. तीच धाटे बंध घालून पेंढ्यांत आवळली, तर गंजी पावसाळाभर उभी राहते. स्टार्चच्या साखळ्यांना असे आडवे बंध घालणे, एवढेच या डिंकाचे गुपित आहे. बंध पक्का बसला की पाण्याला साखळ्या सुट्या करता येत नाहीत. आता भांडण एवढेच की बंध कशाचा घालायचा आणि तो कोणाकडून विकत घ्यायचा.

आपल्या सुताराला हा प्रश्न जुना आहे. पूर्वी तो सरस वापरी, तो ओलीत मऊ पडे. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आले आणि सरस मागे पडला. हा पांढरा डिंक वापरायला सोपा आहे, पण साधा पांढरा डिंकही सतत पाण्यात राहिला तर ढिला पडतो. शिवाय त्याचा मूळ कच्चा माल, व्हिनाइल ॲसिटेट, पेट्रोलियमच्या घराण्यातला आहे आणि आपल्या देशात तो बहुतांश परदेशातून येतो.

प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या बनवणारे कारखाने वेगळा डिंक वापरतात. तो युरिया आणि फॉर्मल्डिहाइड यांचा. जो युरिया आपण पिकाला देतो, तोच तिथे रेझिनच्या भट्टीत जातो. हा डिंक स्वस्त आहे आणि गरम दाबयंत्रात मिनिटांत घट्ट होतो. पण त्यातून फॉर्मल्डिहाइडची वाफ पुढे कितीतरी दिवस सुटत राहते. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते याच वाफेने. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. अमेरिकेने २०१० साली फळ्यांमधून सुटणाऱ्या या वाफेवर मर्यादा घालणारा कायदा केला. युरोपीय संघाने २०२३ साली आणखी कडक नियम केला आणि लाकडी सामानासाठी ऑगस्ट २०२६ ही तारीख घातली. जगातले फळी-कारखाने धान्याच्या डिंकाकडे वळून पाहू लागले, त्यामागे शेतकऱ्याचा कळवळा नाही, हा कायद्याचा दट्ट्या आहे. पण संधी दट्ट्यातून आली म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही.

जगात काय काय करून पाहिले

अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९९ साली मक्याचा स्टार्च अर्धवट शिजवून, त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मिसळून आणि मेलामाइनच्या जातीच्या रसायनाचा बंध घालून लाकडाचा डिंक केला. ओलीपुढे तो आणखी टिकावा म्हणून त्यात लॅटेक्स घातले. पकड चांगली आली. पण त्यातला बंध कारखान्यातलाच होता, शेतातला नव्हता, हे विसरू नका.

२०११ साली त्याच खात्याच्या शास्त्रज्ञांनी आपल्या जिव्हाळ्याचा प्रयोग केला. अमेरिकेत प्लायवूडच्या फिनॉलच्या डिंकात गव्हाचे पीठ मिसळण्याची पद्धत आहे. त्यामुळे डिंकाला दाटपणा येतो आणि महागडे रेझिन वाचते. त्यांनी गव्हाऐवजी ज्वारीचे पीठ घातले. पहिल्या फेरीत डिंक पातळ पडला, पकडही कमी आली. ज्वारीच्या पिठाचे प्रमाण दुप्पट केले, तेव्हा तो फवारून लावायच्या डिंकात गव्हाच्या पिठाच्या बरोबरीला आला. फेस करून लावायच्या डिंकाला मात्र ज्वारी चालली नाही. म्हणजे ज्वारी लाकडाला चालते, पण गव्हाची सरळ नक्कल करून चालत नाही. तिचा वेगळा मेळ बसवावा लागतो.

तिसरा प्रयोग जपानचा. क्योतो विद्यापीठात उमेमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले लिंबूसत्त्व, हाच बंध म्हणून वापरला. २०१६ साली त्यांच्या गटाने गोड ज्वारीचे रस काढून उरलेले चिपाड आणि लिंबूसत्त्व गरम दाबात घालून फळी बनवली. त्यात फॉर्मल्डिहाइडचा थेंब नाही. गोड ज्वारी आपल्याला परकी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. पण अडचणही सांगितली पाहिजे. चिपाडाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके लिंबूसत्त्व लागले आणि दाबाचा तवा २०० अंशांपर्यंत तापवावा लागला. लिंबूसत्त्वाचे सर्वात मोठे उत्पादन चीनमध्ये होते. आज हा मार्ग महाग आहे.

चौथे उदाहरण प्रयोगशाळेबाहेर पडून बाजारात टिकलेले आहे. ते स्टार्चचे नाही, सोयाबीनच्या पिठाचे आहे. समुद्रातले शिंपले लाटा झेलत खडकाला कसे चिकटून राहतात, याचा अभ्यास करून ओरेगॉन राज्य विद्यापीठाचे कायचांग ली यांनी सोया पिठाला पाण्यात टिकणारा बंध घातला. २००५ च्या सुमारास कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या अमेरिकन कंपनीने तो डिंक आपल्या प्लायवूडमध्ये आणला आणि २००७ साली त्या कामाला अमेरिकेचा हरित रसायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या सोयाबीनने आपल्या रानातून ज्वारीला हुसकून लावले, त्याच सोयाबीनची पेंड आपण कोंबड्यांच्या खाद्याला देतो आणि तिकडे तिच्या जातीचे पीठ फळ्या जोडते.

हिशेब मांडून पाहू

आता पाटी-पेन्सिल घ्या. १०० किलो भुशाच्या फळीला साधारण ८ ते १० किलो रेझिन लागते. त्यातले निम्मे रेझिन वगळून ज्वारीचे पीठ किंवा स्टार्च चालले असे धरू. हे गृहीत धरलेले प्रमाण आहे, सिद्ध झालेले नाही. मग १०० किलो फळीला ४ ते ५ किलो ज्वारी लागेल. म्हणजे एक क्विंटल ज्वारीत २० ते २५ क्विंटल फळी निघेल.

त्या २० ते २५ क्विंटल फळीला काडी किती लागेल? जवळजवळ तेवढीच. कपाशीची पऱ्हाटी हेक्टरी दोन-तीन टन निघते असे सांगतात. आपल्या कोरडवाहू रानात त्याहून कमी निघते. तेव्हा दीड ते दोन हेक्टरांची पऱ्हाटी धरा. एका बाजूला एक क्विंटल ज्वारी, दुसऱ्या बाजूला दीड-दोन हेक्टरांची पऱ्हाटी, असा हा जोडा आहे.

यातून दोन गोष्टी उघड होतात. डिंकासाठी ज्वारी इतकी थोडी लागते की त्या मागणीने बाजार समितीतला भाव हलणार नाही. "डिंकाचा कारखाना काढा, ज्वारी सोन्याच्या भावाने जाईल" असे सांगणाऱ्याला आकडेमोड येत नाही, किंवा आपल्याला येत नाही असे तो समजतो. दुसरी गोष्ट अशी की खरा माल पऱ्हाटी आहे. आज आपण ती उपटून बांधावर पेटवतो किंवा चुलीला लावतो. डिंक ही तिच्या कुलपाची किल्ली आहे. किल्ली वजनाला हलकी असते, पण ती ज्याच्या कमरेला असते, तो घराचा मालक होतो.

पऱ्हाटीची फळी होते, यात शंका घेण्याचे कारण नाही. १९२४ पासून मुंबईत माटुंग्याला काम करणाऱ्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे सिरकॉटने, ते तंत्र केव्हाच दाखवून दिले आहे. मग गावोगाव कारखाने का झाले नाहीत? काडी हलकी आणि फुगीर, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. ती निघते वर्षातले तीन-चार महिने. उपटायला माणूस लागतो, वाहून न्यायला डिझेल लागते. दूरच्या कारखान्याला हे परवडत नाही. म्हणूनच हा धंदा जमलाच तर तालुक्याच्या पातळीवर जमेल, आणि म्हणूनच तो आपल्या हाती राहू शकतो.

आणखी एक फायदा शेतीचा आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी आणि तिच्यावरची किडकी बोंडे हे अळीचे माहेर आहे. फरदड न घेता पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर गेली, तर अळीची साखळी तुटायला मदत होते. मात्र ती गंजी तशीच बांधावर पडून राहिली तर अळीही तिथेच राहते. काडी लगेच बारीक झाली पाहिजे. आणि सगळेच रान झाडून नेले तर जमिनीला काय उरेल, हाही विचार ठेवा. पाला-पाचोळा शेतातच राहू द्या आणि काडीच्या पैशातले काही शेणखतात घाला.

काळ्या ज्वारीचे खरे-खोटे

खरिपाची ज्वारी काढणीला आली की परतीचा पाऊस गाठतो आणि कणसावर बुरशी चढते. लवकर येणारे संकरित वाण आल्यापासून हे दुखणे वाढले. काळी पडलेली ज्वारी व्यापारी पाण्याच्या भावाने मागतो. खरिपाच्या ज्वारीचे क्षेत्र आटले, त्यात या दुखण्याचाही वाटा आहे. १९७० च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास असलेली ज्वारी आज चाळीस लाख हेक्टरांच्या घरात आली आहे. गुरांचा कडबाही तिच्याबरोबर गेला.

डिंक कोणी खात नाही, तेव्हा काळी ज्वारी डिंकाला का घालू नये? घालावी, असेच आमचे मत आहे. पण सरसकट नव्हे. वरवर काळवंडलेल्या दाण्यातला स्टार्च बराचसा शाबूत असतो. जो दाणा मऊ पडला, पोखरला किंवा कणसातच उगवला, त्यातला स्टार्च बुरशीने आणि अंकुराने आधीच तोडलेला असतो. त्याची खळ पातळ होते आणि पकड धरत नाही. तेव्हा खळ्यावरच दोन ढीग करावे लागतील. शिवाय बुरशीची धूळ छातीला वाईट. दळताना तोंडाला फडके बांधल्याशिवाय हात लावू नये.

एक अडचण यंत्राची आहे. ज्वारीतला स्टार्च प्रथिनांच्या जाळ्यात घट्ट अडकलेला असतो. तो धुऊन वेगळा काढणे मक्यापेक्षा अवघड पडते, म्हणून स्टार्चचे कारखाने मक्याच्या मागे असतात. तालुक्याच्या गिरणीने शुद्ध स्टार्च काढण्याच्या फंदात पडू नये. बारीक पीठच वापरायचे, असा मार्ग धरावा.

"अन्नाचा डिंक करता?" असा प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. चांगले धान्य माणसाच्या पोटाचे, त्याखालचे जनावराचे, आणि जे दोघांनाही घालू नये ते डिंकाचे, ही उतरंड मोडता कामा नये. २००७ च्या सुमारास राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले. तेव्हाही नाव ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याचेच पुढे केले होते. शेतकऱ्याच्या नावाने निघालेल्या अनुदानाचा धनी कोण होतो, हे तेव्हापासून पुरेसे कळले आहे. आम्हाला अनुदानाचा डिंक नको, हिशेबाने टिकणारा डिंक हवा.

सेलमचा साबुदाणा काय शिकवतो

उपासाला आपण जो साबुदाणा खातो, तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तिथे टॅपिओकाच्या कंदापासून स्टार्च आणि साबुदाणा बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांनी १९८१ साली सहकारी संस्था उभी केली. माल एकत्र आणायचा, तपासायचा आणि लिलावाने विकायचा. एकेकट्याला व्यापारी लुबाडत होता, त्याला पायबंद बसला. ही गोष्ट शिकण्यासारखी आहे. पण त्या संस्थेचे सभासद कारखानदार आहेत, कंद पिकवणारा शेतकरी नाही. शेतकऱ्याचा भाव अजून कारखान्याच्या दारातच ठरतो. आपण संस्था काढू तेव्हा काडी पुरवणारा आणि धान्य देणारा हाच भागधारक असेल, हे पहिल्या कागदावर लिहिले पाहिजे. नाहीतर अडत्या जाईल आणि त्याच्या जागी आपलाच माणूस अडत्या होऊन बसेल.

जिल्हा बैठकीने काय ठरवावे

पहिले, यंत्र घेण्याची घाई नको. बचत गटाच्या कर्जावर कोणीही डिंकाचे यंत्र घेऊ नये. "वॉटरप्रूफ" म्हणणाऱ्याला एकच सांगा: तुझ्या डिंकाने लाकडाच्या दोन पट्ट्या जोडून आमच्यासमोर ठेव. त्या आठवडाभर वाळू द्या. मग एक जोड चोवीस तास गार पाण्यात ठेवा आणि दुसरा उकळत्या पाण्यात. बाहेर काढून ओला असतानाच मोडून पाहा. लाकूड तुटले आणि जोड राहिला, तर पुढे बोला. जोड सुटला, तर चहा पाजून निरोप द्या. सागरी दर्जाच्या प्लायवूडचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळून तपासतात, हे त्याला आठवण करून द्या आणि सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला मागा.

दुसरे, जिथे पाण्याशी झुंज नाही तिथून सुरुवात करा. पन्हळी पुठ्ठ्याची खोकी जगभर स्टार्चच्या डिंकानेच जोडली जातात. त्याची कॉस्टिक सोडा आणि बोरॅक्स घालून करायची रीत १९३० च्या दशकापासून चालत आली आहे. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावात सुताच्या ताण्याला कांजी लागते. तिथे ज्वारीच्या पिठाचा नमुना चालतो का ते विचारायला कारखाना लागत नाही, पाच किलो पीठ आणि एक माणूस पुरतो.

तिसरे, काडी बारीक करणारे यंत्र आधी आणा, डिंक नंतर. पऱ्हाटीचा चुरा कांडी-कोळशाला आणि बॉयलरला आजही विकला जातो. फळीचा बेत फसला तरी ते यंत्र गंजत पडणार नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे काम एका हंगामापुरते करून पाहावे आणि वाहतुकीसह खर्चाचा कागद बैठकीत ठेवावा.

चौथे, अकोला आणि परभणीची कृषी विद्यापीठे, सिरकॉट आणि बंगळूरुची लाकूड विज्ञान संस्था यांच्याकडे जिल्ह्याच्या नावाने लेखी मागणी करा. काळ्या ज्वारीचे पीठ आणि आपल्या रानची पऱ्हाटी घेऊन फळी करा; तिची ताकद, पाण्यातला टिकाव आणि किलोमागचा खर्च मराठीत छापा. कृषी महाविद्यालयात आम्हाला स्टार्च शिकवला तो दाण्याचे वजन वाढवण्यापुरता. दाणा खळ्याबाहेर पडल्यावर त्याचे काय होते, हे शिकवणारा तास नव्हता. तो तास आता विद्यापीठांनी शेतकऱ्यांसाठी घ्यावा.

कापूस पिकवणाऱ्याला कापडात वाटा मिळाला नाही, कारण सरकी वेगळी झाल्यावर कापसाची वाट त्याच्या गावातून निघून गेली. पऱ्हाटी अजून गावातच उभी आहे. तिची वाट कोणी आखायच्या आत आपण आखली पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका कागदावर तीन आकडे लिहून आणावेत: गावात पऱ्हाटी किती एकर, यंदा काळी पडलेली ज्वारी किती क्विंटल, आणि गावापासून पाच कोसांत काडीचा चुरा घेणारा कोण. हे आकडे जुळले तरच पुढची चर्चा करू. आकड्याशिवाय चर्चा नको.